मी किल्लेदाराची मिशी

मी मिशी बोलतेय. खरी नव्हे, चिकटवायची. नकली वस्तूनं अभिमानाच्या गोष्टी सांगाव्यात का, हे मला अजून नीटसं ठरवता आलेलं नाही. तरी सांगते.

शिवाजी पेठेतल्या जोतीराम रंगभूषाकारानं बारीक जाळीवर एकेक केस ओवून मला घडवलं. साल १९५१. कोल्हापुरातल्या एका स्टुडिओत एकच ऐतिहासिक चित्रपट मराठी आणि तमिळ अशा दोन भाषांत निघत होता. प्रत्येक प्रसंग आधी मराठी नट करत, मग तमिळ नट. किल्लेदार दोन होते, मिशी मात्र मी एकटीच.

मराठी किल्लेदार गणपतराव, गावाचे लाडके. तमिळ किल्लेदार सेतुमाधवराव, मद्रासहून आलेले. तिकडे त्यांनी वर्षानुवर्षं पहारेकरी, तुरुंगाधिकारी, नवरीचे काका केले. एकदोन वाक्यं बोलायची आणि बाजूला व्हायचं. घराणं मात्र पिढ्यांमागे तंजावरला गेलेलं मराठी.

मला लावून घेताना ते एकदा जोतीरामला म्हणाले, "आई घरात मराठीच बोलते. पडद्यावर मी तिच्या भाषेत एकदा बोलावं, इतकीच तिची इच्छा. पण इथं ते काम दुसऱ्याचं."

बोलताना त्यांचा वरचा ओठ थरथरला. मला कळलं, जोतीरामला नाही.

गडाचं दार अडवण्याचा मोठा प्रसंग होता, त्या दुपारी गणपतराव मला लावूनच तांबडा रस्सा ओरपायला बसले.

"मालक, जेवताना तरी मिशी काढा की. त्याल लागलं तर पुन्हा चिकटायची न्हाय," जोतीराम म्हणाला.

"कोल्हापुरात चारचौघांत मिशी उतरून जेवू व्हय? लाज हाय का न्हाय?" म्हणत त्यांनी वाटी तोंडाला लावली.

मी तेलात न्हाले. कॅमेरा सुरू झाला, गणपतराव गरजले आणि मी एका बाजूनं लोंबकळले. पुन्हा चिकटवलं, पुन्हा सुटले. सगळा स्टुडिओ खदाखदा हसला. गणपतराव मला फेकून तरातरा निघून गेले.

दिग्दर्शक सयाजीराव डोकं धरून बसले. तेव्हा सेतुमाधवराव पुढं झाले. "मराठीतही मी बोलून पाहू?"

जोतीरामनं मला स्पिरिटनं धुऊन त्यांना लावलं.

"हा गड मजकडे आहे. मी जिवंत असता दार उघडणे नाही!"

तंजावरच्या घरात टिकलेली ती जुनी मराठी ऐकून कुणीतरी फिसकन हसलं. "पावणं, कुठल्या जमान्यातलं बोलतायसा?"

त्यांचा ओठ आक्रसला. मला वाटलं, संपलं.

"त्या जमान्यातलंच पायजे!" सयाजीराव ओरडले. "किल्लेदार काय रंकाळ्यावर फिराय आल्यागत बोलंल व्हय? हसायचं बंद करा. घ्या शॉट!"

दुसऱ्यांदा ते वाक्य आलं, तेव्हा माझा एक केस हलला नाही. मराठी किल्लेदारही मग तेच झाले.

चित्रपट लागला त्या दिवशी मी जोतीरामच्या खिशात होते; तंजावरहून सेतुमाधवरावांची आई आली होती. ते वाक्य ऐकून म्हातारी अंधारातच म्हणाली, "हा माझा." मागच्या रांगेतून गणपतरावांचा आवाज आला, "तुमचाच हो, माई. मिशी शोभली त्याला."

सेतुमाधवराव मद्रासला परतले, पुन्हा पहारेकरी झाले. मी जोतीरामच्या पेटीत आहे; कसर लागलीय, जाळी विरलीय. माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त कुठं जुना तमिळ चित्रपट लागला आणि दाराशी भाला धरून कुणी ताठ उभा दिसला, तर पुढच्या खेळाला सुरुवातीची नामावली शेवटपर्यंत वाचा. त्याचं नाव तिथंच असतं.