पाठमोरी

जाईबाईला सिनेमात घेतलं ते तिच्या चालीमुळं. तोंड तर कॅमेऱ्याला दिसलंच नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात ती वाईजवळ, डोंगराच्या पोटाशी असलेल्या माहेरी आली होती. त्याच आठवड्यात कोल्हापूरची सिनेमावाली मंडळी तिथं येऊन उतरली. त्यांची गोष्ट अशी, की नवऱ्याच्या जाचाला कंटाळलेली एक बाई घर सोडून निघते, समोरचा डोंगर चढते आणि दिसेनाशी होते. नटी नाजूक होती. खडकाळ चढावर अनवाणी चार पावलं टाकली नाहीत तोच तिच्या पायाला फोड आला. दिग्दर्शकसाहेबांचं डोकं फिरलं. तेवढ्यात डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन जाईबाई तोच चढ उतरून खाली आली. साहेब म्हणाले, हिलाच चालवा, लांबून आणि पाठीमागून घ्यायचंय, कोण ओळखतंय?

तिची आई रंगूबाई आधी तयारच होईना. मग सासरी कुणाला कळता कामा नये या अटीवर ती कबूल झाली.

नटीचं हिरवं लुगडं नेसून जाईबाई घराबाहेर पडली, वळली, दार ओढून कडी लावली आणि मग चालायला लागली. साहेब वैतागले. बाई कायमची चाललीय, कडी कसली लावता?

"कुत्रं शिरल की आत," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

दुसऱ्यांदाही तिचा हात कडीकडं गेलाच. आमच्या बायकांच्या हाताची ही खोडच आहे. घर सोडून निघाल्या तरी घराची राखण सुटत नाही. तिसऱ्यांदा तिनं अर्ध्या चढावर मागं वळून पाहिलं. चौथ्यांदा मात्र ती निघाली ती निघालीच. डोंगर चढून गेली आणि पलीकडं उतरायलाही लागली. साहेबांनी माणूस पळवला तेव्हा कुठं थांबली. खरं सांगायचं तर तिला थांबायचं नव्हतं. डोक्यावर मोळी नाही, कमरेवर घागर नाही, असा रस्ता ती जन्मात पहिल्यांदा चालत होती.

ही गोष्ट तिनं पोटात ठेवली आणि ती मेढ्याला सासरी परतली. तिथं सासू मनुबाई आणि ती, दोघीच. नवरा सोपान पलटणीत नाईक होता आणि वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, येताना दोघींना सारखी लुगडी आणायचा. तीन वर्षांपूर्वी जाईबाईचं बाळंतपण अडलं, साताऱ्याहून नर्सबाई यायच्या आत पोर गेलं, तेव्हा तो मिलिटरीतून चार पानांचं पत्र लिहून रडला होता. त्या दिवसापासून जाईबाईच्या मनानं घेतलं होतं, की आपण नर्स व्हायचं. ती सातवी पास होती. सांगलीला दोन वर्षांचा कोर्स होता, राहायची सोय होती आणि निवडयादीत तिचं नावही आलं होतं. फॉर्मवर खाली एका जागी फक्त नवऱ्याची सही राहिली होती. ती सही जून संपायच्या आत व्हायला हवी होती.

पंच्याहत्तरच्या मे महिन्यात सोपान सुट्टीवर आला. पहिला आठवडा तिचं धाडसच होईना. मग एक दिवस तो आपणहून म्हणाला, साताऱ्यात सिनेमा लागलाय, लय चांगला हाय म्हणत्यात, चल. कुठला सिनेमा ते थेटरच्या दारात बोर्ड वाचल्यावर तिला कळलं. तोच होता, डोंगरावरचा.

तीनचा खेळ होता. बायकांच्या खुर्च्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. ती हिरव्या लुगड्यातली पाठ डोंगर चढायला लागली तेव्हा बायका मुसमुसायला लागल्या आणि पुरुषांकडून टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेर आल्यावर तिनं पाहिलं, सोपानचे डोळे लाल झाले होते.

स्टँडवर त्यानं भजी घेतली. गाडीला वेळ होता. तो मनापासून बोलत होता. असल्या नवऱ्याला अशीच अद्दल घडायला पाहिजे, बाई म्हणजे काय दावणीचं जनावर हाय का, असं बरंच काही. शेवटी म्हणाला, "बाई आसावी तर आशी. मागं वळून बगितलं न्हाई पठ्ठीनं."

याहून चांगली वेळ कुठून मिळणार? तिनं पिशवीतून फॉर्म काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला.

"दोन वरीस?"

"व्हय. सुट्टीला येईन की घरी. आत्याबाईंचं समदं लावून जाईन."

त्यानं फॉर्म मांडीवर सारखा केला. मग म्हणाला, आपलं पोर असंच गेलं, कुणाचं तरी वाचंल. आणि खिशातलं पेन काढलं. टोपणही काढलं.

इथं जाईबाई चुकली. शहाण्या बाईनं सही होऊ दिली असती. पण इतक्या मोकळ्या मनानं वागणाऱ्या माणसापासून काही लपवायचं आणि वर त्याची सही घ्यायची, हे तिला पाप वाटलं.

"आवं, एक सांगू का? त्या डोंगरावरची बाई, ती मीच हाय."

त्याला आधी खरंच वाटेना. मग तिनं सगळं सांगितलं, नटीच्या फोडापासून कडीपर्यंत. कडीचं सांगताना ती हसलीसुद्धा. तो हसला नाही.

"किती येळा चाललीस?"

"चार येळा."

"शेवटच्या येळी मागं बगितलं न्हाईस."

"न्हाई."

"तवा मनात काय व्हतं?"

आतासुद्धा खोटं बोलता आलं असतं. तुमचीच आठवण येत होती, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.

"काईच नव्हतं," ती म्हणाली. "लय हलकं वाटत व्हतं."

सोपाननं पेनाला टोपण लावलं. फॉर्मची शिपाईगड्यासारखी नीट चौकोनी घडी घातली आणि ती पेनासकट खिशात ठेवली. ओरडला नाही, फाडलं नाही. गाडी आली तेव्हा तिला खिडकीजवळ बसवून तो बाहेरच्या बाजूला बसला.

सुट्टी संपली तेव्हा तो फॉर्म त्याच्या काळ्या ट्रंकेतून सरहद्दीवर गेला. जून उलटला. सांगलीची तिची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. मग मनुबाईच्या नावानं पत्र आलं. सुनेला एकटीनं माहेरी धाडू नको, यष्टीनं कुठं जाऊ देऊ नको, आणि सिनेमा बघायला तर अजिबात सोडू नको. कारण लिहिलं नव्हतं. शेजारच्या बनाबाईनं पत्र वाचून दाखवलं आणि म्हणाली, काय जीव हाय गं ह्याचा बायकूवर.

पुढच्या साली जत्रेत तंबू लागला आणि तोच सिनेमा आला. दिवेलागणीला सगळं गाव तिकडं लोटलं. मनुबाईही बनाबाईबरोबर निघाली. उंबऱ्याशी थांबून ती सुनेला म्हणाली, "पोराचं पत्र हाय, मी काय करू?" तिनं दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. कशाला, असं बनाबाईनं विचारलं असावं, कारण मनुबाई म्हणाली, "कुत्रं शिरतंय गं."

तंबूच्या कर्ण्याचा आवाज घरात स्पष्ट येत होता. जाईबाईनं भाकरी थापल्या, चूल विझवली आणि भिंतीला टेकून बसली. नवऱ्याचा आरडाओरडा झाला, बाईचं रडणं झालं, मग साताऱ्यात ऐकलेलं ते सनईसारखं वाद्य सुरू झालं. आता पडद्यावर ती चढ चढत होती. मेढ्याच्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, आणि कुणीतरी शाब्बास म्हणून ओरडलं.

जाईबाई उठून दारापाशी गेली. तिनं दार ओढून पाहिलं आणि आतली कडी चाचपली. ती काढलेलीच होती.