खडपातली वाट

"दीनानाथ, माणिक, संग्राम." पणजोबा, आजोबा आणि वडील, अशी तीन नावे पद्मिनीबाईंनी क्रमाने उच्चारली आणि मगच फोन कानाशी घट्ट धरला. खडपातल्या, म्हणजे समुद्रातल्या कातळांमधल्या, वाटेच्या खुणा सांगण्याआधी ही नावे घ्यायची, असा घराण्याचा दंडक होता. खुणा घराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, हा दुसरा. तो आज मोडायचा होता.

समुद्रापासून शेकडो कोस दूर, उत्तरेतल्या जानकीपुरमच्या घरात लू, उन्हाळ्याचा तापलेला वारा, खिडक्यांवर धडका देत होती. फोनमध्ये मात्र समुद्र गर्जत होता.

"बाय, लवकर सांगा!" गावच्या किनाऱ्यावरून बाबुराव ओरडत होता. "वादळात बंदराच्या तोंडाशी ट्रॉलर आडवा पडलाय. माझ्या वेदांतची होडी बाहेर अडकली. चौघं आहेत. आता तुमच्या खडपातल्या वाटेशिवाय..."

"रडू नकोस. वायरलेस हातात आहे ना? मी सांगेन ते शब्दाला शब्द नातवाला सांग."

आवाज करडा होता. पण पदराचे टोक बोटांत पिळले जात होते. समोर बसलेली त्यांची नात सावनी ते पाहत होती.

"देवळाचा कळस उंडीच्या झाडाच्या शेंड्यावर धरायचा. दोन्ही एका रेषेत आले, की सरळ आत."

"बाय, उंडी तोडली. वीस वर्षं झाली."

पद्मिनीबाईंनी डोळे मिटून गाव आठवले. दीनानाथ आले तेव्हा तिथे सात झोपड्या उभ्या राहिल्या. त्या स्वतः गाव सोडून निघाल्या तेव्हा चाळीस घरे होती. आता साडेतीनशे. या वाढीत कोणकोणती खूण पडली असेल, देव जाणे. दोन हातांची चूक झाली, तरी होडी कातळावर.

"उंडीच्या जागी काय आहे?"

"बर्फाचा कारखाना."

"झाडाच्या मुळाशी विहीर होती. ती बुजवली?"

"नाय. तिच्यावरच कारखान्याची उंच टाकी बांधलीय."

"मग कळस टाकीवर धरायला सांग. दोन्ही बाजूंना फेस दिसेल. घाबरून वळायचं नाही."

"आजी, अगर टंकी थोड़ी साइड में हुई तो?" सावनी हळूच म्हणाली.

 पद्मिनीबाईंनी नातीचे मनगट धरले.

फोनमध्ये नुसता वारा. मग बायकांचा कल्लोळ. रडण्याचा की कसला, ते कळेना. मनगटावरची पकड आणखी आवळली.

"आली! बाय, होडी आत आली!" बाबुराव हुंदके देत होता. "तुमच्या घराण्याचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? तुझ्या पणजोबांचं नाव काय रे?"

"धाकू. खडपावर कालवं काढायचा. का?"

"आमची पहिली होडी आली, तेव्हा तो छातीभर पाण्यात उभा राहिला. त्यानं हात करून वाट दाखवली. गावाला आम्ही सांगितलं, वाट दीनानाथांनी शोधली." त्यांनी आवाज खाली आणला. "बाबांनी खुणांबरोबर हेही माझ्या कानात सांगितलं होतं."

पलीकडे बाबुरावचे हुंदके थांबले.

"उद्या वेदांतला फोन करायला सांग. सगळ्या खुणा देते. वाट तुमची होती, तुमच्याकडे पुरती परत जाऊ दे. आधी नावं घ्यायला मात्र शिकव त्याला."

"कुठली नावं, बाय?"

"पहिलं धाकू," पद्मिनीबाई म्हणाल्या. "आमची नंतर."

तेव्हा कुठे त्यांनी सावनीचे मनगट सोडले.