बाळंतपणाची पाटी

नाटक कंपनी बंद पडल्यावर श्यामकांत प्रधान अंबरनाथला भावाकडे राहायला आला आणि दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. आजवर त्यानं पडद्यांवर राजवाडे आणि उपवनं रंगवली होती. त्यामुळे उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात कुमुदिनीबाई नर्सनी दोन खाटांचं प्रसूतिगृह काढून त्याला पाटी सांगितली, तेव्हा त्यानं हात राखला नाही. हिरव्यावर निळी अक्षरं, अक्षरांना सावली, सावलीला सोनेरी कड आणि चारी बाजूंनी वेल. बाईंचं पूर्ण नाव, त्यांच्या परीक्षा, भेटीच्या वेळा, सगळं त्यात बसवलं. लोक थांबून पाहायचे. बाईही खूश होत्या.

पौषातल्या एका दुपारी तो समोरच्याच पेसूमल कापडवाल्याच्या दुकानाला शिडी लावून काम करत होता. बदलापूरकडून एक बैलगाडी आली. पेंढ्यावर एक तरुण बाई कळा देत होती आणि उशाशी बसलेल्या म्हातारीनं तिचे हात धरले होते. गाडी हाकणारा तिचा नवरा भगवंत एकेक बराक बघत पुढे गेला. लष्करानं बांधलेल्या त्या बराकी, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. थोड्या वेळानं तीच गाडी परत आली आणि कुमुदिनीबाईंच्या पाटीखालून उलटी निघाली.

"आरं भगवंता, कुनाला तरी इचार!" म्हातारी ओरडली. "माझी सून जाईल रं!"

श्यामकांत शिडीवरून जवळजवळ उडीच मारून खाली आला आणि त्यानं बैलांचा कासरा धरला. "नर्सबाई हव्यात ना? अहो, हे काय, इथंच!"

त्या तरुण बाईला, चिमीला, उचलून आत नेलं. तिची सासूही आत गेली आणि दार लागलं. भगवंत पायरीशी उभा राहिला, त्याच्या शेजारी हातातला ब्रश तसाच धरून श्यामकांत. आतून कुमुदिनीबाईंचा दरडावणारा आवाज येत होता. मग तोही थांबला. चिमीचा तर मघापासून येतच नव्हता. गाडी पहिल्याच फेरीत इथं थांबायला हवी होती, एवढंच श्यामकांतच्या डोक्यात घुमत होतं.

आणि मग बाळाचा टाहो ऐकू आला.

भगवंत दोन्ही हातांनी तोंड झाकून ढसाढसा रडला. कुमुदिनीबाईंनी दार उघडलं. "मुलगी झाली. नाळेचा वेढा होता मानेला, पण वेळेत आलात. दोघी सुखरूप आहेत."

'वेळेत' हा शब्द ऐकला आणि श्यामकांतनं इतका वेळ हातात धरलेला ब्रश पायरीवर ठेवला.

पेसूमलनं चहा पाठवला. दोन घोट पोटात गेल्यावर श्यामकांतनं भगवंतला विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का हो?"

"येतं ना. चौथी झालीय."

"मग ही पाटी नाही दिसली?"

भगवंतनं मान वर केली आणि ओशाळला. "दिसली ना, दादा. पन आमाला वाटलं, हितं नाटक लागलंय."

श्यामकांतला खूप दिवसांनी पोट धरून हसू आलं. हसता हसता त्याचे कान मात्र लाल झाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाटी खाली उतरवली.

"इतकी देखणी पाटी पुसताय?" कुमुदिनीबाई हळहळल्या.

"देखणी आहे, बाई. पण वाचत कोणी नाही."

त्यानं सगळी पाटी पांढरी केली आणि तिच्यावर लाल, जाड अक्षरांत एकच शब्द लिहिला: बाळंतपण. खाली बाईंचं नाव.

"आणि माझ्या परीक्षा?"

"त्या आत भिंतीवर लावू. कळा देणारी बाई परीक्षा वाचत बसत नाही."

बाईंना हसू आवरेना.

पेसूमल येऊन बघून गेला आणि खडू घेऊन परत आला. "साईं, हमारी औरतें ये कैसे पढ़ेंगी?" त्यानं उजवीकडून डावीकडे सिंधी अक्षरं काढली आणि श्यामकांतनं ती ब्रशनं गिरवली. ज्यांना कुठलीच लिपी येत नव्हती त्यांच्यासाठी पाळणा आणि त्यात बाळ काढलं. मागच्या बाजूवरही हेच सगळं रंगवून पाटी भिंतीला चिकटवून न लावता रस्त्यावर आडवी टांगली, म्हणजे दोन्हीकडून येणाऱ्याला दिसावी. मग नाक्यापर्यंत चालत जाऊन पाहिलं, परत आला आणि अक्षरं आणखी जाड केली.

पुढच्याच आठवड्यात नाक्यावरून एक टांगा वळला. आतल्या सिंधी म्हातारीनं हात लांब करून पाळणा दाखवला. टांगेवाल्यानं कुणाला काही विचारलं नाही. घोडा थेट कुमुदिनीबाईंच्या दाराशी येऊन उभा राहिला.

शिडीवरून पाहणाऱ्या श्यामकांतनं मोठा श्वास सोडला आणि पेसूमलच्या नावाचं पुढचं अक्षर लिहायला घेतलं.