आत्याचं घर निघालं

तेरावं उरकून चुलतभाऊ भालचंद्रने द्वारकाआत्याच्या घराला कुलूप लावलं, तेव्हा घर उठलं आणि चालू लागलं. मी मागच्या दाराची कडी घालायला आत गेलो होतो. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी कडीला हात लावला तर दार भिंतीत मिसळून गेलेलं.

घर सावकाश चालत होतं. गल्ली अरुंद, म्हणून अंग चोरून घेत होतं. तेवढ्याने माजघराच्या भिंती जवळ आल्या. शेजारच्या सुगंधाबाईंनी दोरीवरचे कपडे काढून वाट करून दिली आणि खिडकीतून मला म्हणाल्या, "तिनं तरी कुणाचं ऐकलं होतं?"

खरं होतं. आत्या नवऱ्याचं घर सोडून आली ती एक ट्रंक घेऊन. भावांच्या दारात न उतरता तिने पारोळ्यात पिठाची गिरणी टाकली. पंचाहत्तरीतही गिरणीचा पट्टा स्वतः चढवायची. भुवयांवर पीठ, तोंडात शिट्टी. बायकांनी शिट्टी वाजवू नये असं जो सांगेल त्याचं दळण ती सगळ्यांच्या शेवटी घ्यायची. तिचे गुडघे गेले तेव्हा मी तिला नाशिकला माझ्याकडे चल म्हणालो. तिने हातातली चाळणी खाली ठेवली.

"तुझ्या घरात मी पाहुणी. पाहुणीला भांडता येत नाही."

वेशीपाशी भालचंद्रने घराला गाठलं. खिडकी अजून माणूस जाईल एवढी होती. उडी मार, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. मी एक पाय बाहेर काढला. तेवढ्यात स्वयंपाकघरात मांडणीवरचे डबे खडखडले. कुणीतरी ते धरायला हवेत असं वाटून मी पाय आत घेतला. डबे सावरून परत आलो तर खिडकी पोस्टाच्या पेटीच्या तोंडाएवढी झाली होती.

"आत आहे काय एवढं?" भालचंद्रने विचारलं.

"काही नाही. तिचे डबे."

"मग ये ना बाहेर."

"आता मी मावत नाही," मी म्हणालो.

माझी बायको नलू मागून धापा टाकत आली. तिने पोळीची गुंडाळी करून फटीतून आत सरकवली. कधी येणार, असं तिने विचारलं नाही. थोडं अंतर दोघं बरोबर चालली, मग घराच्या मागे पडली.

कपाशीची शेतं गेली. देवघर संपलं, मग माजघर संपलं. स्वयंपाकघराची बोळ झाली. मी आत्याला हाक मारली, लहानपणी मारायचो तशी, लांब. फट मिटली.

भिंती दोन्ही खांद्यांना टेकल्या. त्या कोमट होत्या, आणि कानाशी चुना धपापत होता. मग उतार लागला, आणि घर धावू लागलं.