कोटातला आवाज

मी एक जुना कोट आहे. काळा, तीन बटणांचा. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंच असेल तर एखाद्या ऑफिसबाहेरच्या बाकावर पाहिलं असेल, कारण मी बाहेर पडतो तो मुलाखतीपुरता. एरवी लोखंडी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात दिवस काढतो. दाराच्या फटीतून येईल तेवढाच माझा उजेड.

मला शिवलं एका म्हाताऱ्या शिंप्याने. तोंडात टाचण्या धरूनच त्याने मालकांना विचारलं होतं, "थोडा ढिला ठेवू का?" मालक तेव्हा नवरदेव. म्हणाले, "छे, अंगाबरोबर पाहिजे!" त्याची शिक्षा पुढे कितीतरी पोटांनी भोगली.

लग्न एका दिवसात आटोपलं आणि मी मुलाखतीचा कोट झालो. मालकांनी मला घातलं, त्यांच्या मित्रांनी मागून नेलं, शेजाऱ्यांनी नेलं. "काय रुबाबदार दिसतोस!" असं कौतुकही व्हायचं. पण माझं मधलं बटण लागलं की माणसाची भाषाच बदलायची. घरी "मला येतं की" म्हणणारा गडी "सदर कामाचा मला अनुभव आहे" म्हणू लागायचा. आवाज छातीतून यायचाच नाही, कॉलरच्या वरवर तरंगायचा. छाती मीच आवळून धरलेली असायची ना! मला वाईट वाटायचं. पण कोटाला स्वतःचं बटण काढता येत नाही.

एके दिवशी मालकांची बहीण मला मागायला आली. तिच्या नवऱ्यासाठी. मालक त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही दाजीच म्हणतो. दाजींनी अठरा वर्षं बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त केल्या. ताई भावाला सांगत होत्या, हे म्हणे हत्याराला हात लावण्याआधी दाराच्या फटीला तोंड लावायचे. "मावशी, मी आलोय हां. पिशवी खाली ठेवा, बसून घ्या. भाजी काय घेतलीत आज?" आत रडणारी बाई भाज्या सांगत बसायची, तोवर दार उघडायचं.

आता त्यांचा गुडघा गेला होता. जिने चढवेनात, म्हणून काम सुटलं. दुसऱ्या एका कंपनीला लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घ्यायला माणूस हवा होता. बसून करायचं काम. ते मिळालं नाही, तर पुढे काय, हे त्या घरात कोणी बोलतच नव्हतं.

मालकांनी स्वतः मला दाजींच्या अंगावर चढवलं. "दाजी, तिथे 'हो' म्हणायचं नाही. 'निश्चितच' म्हणायचं. आणि जरा पुस्तकी बोला."

दाजी आरशासमोर पाठ करू लागले. ताई दारातून म्हणाल्या, "अहो, हे कोण बोलतंय?"

"आपण कृपया व्यत्यय आणू नये," दाजी म्हणाले.

ताई खळखळून हसल्या. मग दाजींच्या तोंडाकडे पाहून त्यांची कॉलर नीट करू लागल्या.

मुलाखतीच्या दिवशी दाजींचा पांढरा शर्ट काढला, तर तो पाठीवर विरून फाटलेला. "वरून कोट आहे की," असं म्हणत दाजींनी तोच घातला.

मुलाखतीची खोली लहान होती. खिडकी बंद, पंखाही बंद पडलेला. टेबलापलीकडे चष्मेवाल्या साहेबीणबाई. त्या म्हणाल्या, "समजा, मी लिफ्टमध्ये अडकलेय आणि फोन केलाय. बोला."

"महोदया, आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली आहे. आपण संयम बाळगावा."

बाईंनी कागद पुन्हा वाचला. "अठरा वर्षं लिफ्टचंच काम केलंत ना?"

"निश्चितच."

"घामाघूम झालात हो. कोट काढा ना."

"निश्चितच... म्हणजे, नको. आभारी आहे."

घाम माझ्या अस्तरात उतरला. दाजींचं काळीज माझ्यावर आतून धडका मारत होतं. ते श्वास ओढायचे आणि मी अर्ध्यातच अडवायचो. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाईंनी फाइल मिटली. "ठीक आहे, कळवू."

तो 'कळवू' मी फार वेळा ऐकलाय. तो ऐकून माणसं उठतात. दाजी उठले नाहीत.

"मॅडम, खरं सांगू? मी अडकलोय," ते म्हणाले. "कोट मेहुण्याचा आहे. श्वास घेता येत नाही. काढावा, तर आत शर्ट फाटका. म्हणून हे असं भलतंच बोललं जातंय."

बाई हसल्या नाहीत. "मग, अडकलेल्या माणसाला तुम्ही काय सांगता?"

दाजींनी टेबलाच्या कडेवर हात ठेवला. "सांगतो, बाबा रे, मी आहे इथे. दार उघडायला वेळ लागेल, उगाच खोटं नाही सांगत. पण हवा येतेय, गुदमरणार नाहीस. आधी बटण सैल कर." बोलता बोलता त्यांचा हात माझ्या मधल्या बटणावर गेला. बटण सुटलं आणि एक लांब श्वास बाहेर पडला. मग त्यांनी विचारलं, "घरी कोण वाट बघतंय तुमची?"

"सासूबाई," बाई म्हणाल्या. "त्यांना एकटं ठेवून आलेय. सारखं लक्ष तिकडेच असतं माझं."

"औषध दिलंय ना? मग झोपल्या असतील. काळजी नका करू."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फाइल त्यांनी पुन्हा उघडली होती.

दाजींना ते काम मिळालं. मला परत द्यायला आल्या तेव्हा ताईच सांगत होत्या. मग कपाटाचं दार लागलं आणि मी पुन्हा अंधारात. माझी सुटका अशी फोनवर बोलून होणारी नाही. पुढच्या आठवड्यात मालकांच्या धाकट्या मुलाची मुलाखत आहे. बाहेर पाठांतर चाललंय, मला ऐकू येतं.

मित्रांनो, मोठे झालात की मला जरूर घाला. मला ब्रश करा, ऊन दाखवा. पण एक विनंती आहे. आत धड शर्ट घाला. साधा असला तरी चालेल. म्हणजे जीव घुसमटला, तर न लाजता मला काढता येईल. खुर्चीच्या पाठीवर टाका. तिथूनही मला तुमचं सगळं बोलणं ऐकू येईल.