पंचफुलाचा फर्मा

माहा स्वभाव तिखट हाय, हे आधीच सांगून ठेवते. सौंसरच्या बाया म्हणतात, सुशीलाबाईची शिलाई चांगली, पण तोंडाची कातरी कधी बंद होत नाही. म्हणो बापा. चव्वेचाळीस वर्षं ब्लाऊज शिवून राहिली मी. लोकायच्या तोंडाले भ्याली असती तं मशीन कवाच विकावी लागली असती.

तं झालं असं, का दिवाळीनंतर एक पोरगी आमच्या दारात आली. अमिता नावाची. माहेर बोरगावचं, बापाची संत्र्याची बाग, पण शिकली पुण्याले. बोलेही पुण्यासारखीच, घाई झाली का मात्र बोरगाव बाहेर पडे. ती इर्मा लिंडनर नावाच्या कोण्या पियानोवालीवर पुस्तक लिहून राहिली होती. ही बाई परदेशातली, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागं तीन हिवाळे लगातार आपल्याकडे फिरली. नागपूर, अमरावती, रायपूर, जबलपूर, भोपाळ. अमिताले पायजे होतं ते इतकंच, का बाईनं कोण्या गावी, कोण्या तारखेले, काय काय वाजवलं अन् कोणत्या क्रमानं. दोन वर्षं ती हेच शोधून राहिली होती. जुने पेपर, हॉलचे रजिस्टर, बाईनं बहिणीले लिवलेल्या चिठ्ठ्या, सगळं चाळून झालं होतं.

मी म्हटलं, माय, वाजवलं ते हवेत गेलं, आता त्याची यादी कशाले? तं म्हणे, आजी, ब्लाऊज फाटला तरी तुमी माप ठेवताच ना? पोरगी हुशार होती. मी चहा ठेवला.

ती आमच्याकडे आली ते आमच्या बुढ्यासाठी, म्हंजे माह्या नवऱ्यासाठी. वामनराव मूळचे सुतार. भीमजयंतीच्या गायन पार्टीत पेटी वाजवत, अन् बिघडली तं खोलून दुरुस्तही करत. त्या हुनरावर नागपूरच्या एका वाद्यायच्या दुकानात काम भेटलं, अन् तिथं ते पियानोच्या तारा सुरात लावाले शिकले. लिंडनर मॅडमले गावोगावचा पियानो रोज नव्यानं लावून देणारा माणूस पायजे होता. तिन्ही हिवाळे आमचे हे तिच्यासोबत फिरले. तवा माहं नवीन लग्न, अंगावर पिणारा पोरगा आशिष, अन् नवरा मेमसायबासोबत भोपाळले. माहं डोकं कसं राहत असन, तुमीच सांगा.

घरी आले का त्यायची एकच गोष्ट. जबलपूरची. हॉल भरलेला, हातोहाती छापील कार्यक्रम, त्यात शेवटची चीज सगळ्यात मोठी, धडाधड वाजवाची. मध्यंतरात ह्यायनं पायलं तं खालच्या सुराच्या एका जाड तारेनं खुंटीपाशी दम सोडला होता. हे मॅडमले म्हणे, शेवटचं वाजवू नका, तार तुटन. अन् मॅडमनं आयकलं. छापील कार्यक्रम सोडून एक लहानशी चीज वाजवली अन् उठली.

सौंसरात ही गोष्ट ज्यानं आयकली तो हासला. गोरी बाई सुताराचं आयकते का कधी? लोकायनं त्यायले 'पियानोवाले' नाव ठेवलं. त्यात मीही कमी नव्हती. त्यायनं जबलपूर काढलं का मी मशीनच्या पायडलवर जोर देत जाओ. खडखड इतकी होये का पुढचं आयकू येत नसे. दोन-चार मिनिटं बोलून ते आपसूक चूप बसत.

अमिताले मात्र ह्यायच्या गोष्टी नाही, कागद पायजे होते. नागपूरच्या त्या दुकानातल्या एका बुढ्यानं तिले सांगतलं होतं, का वामन दर कार्यक्रमाचा छापील कागद घरी नेत जाये, अन् त्याच्या मागं पेन्सिलीनं काहीबाही लिवत जाये. म्हणे, आजी, ते कागद आहेत का?

होते ना. भिंतीवर खिळ्याले लटकून होते.

आमच्या धंद्यात एकदा माप घेतलं का कागदाचा फर्मा कापून ठेवतात. पाठ, पुढा, बाही, गळा, सगळं वेगवेगळं, अन् वर त्या बाईचं नाव. कागद जाड पायजे, नाहीतं कोपरे दुमडतात. मॅडमचे कागद मोठे, जाड, चकचकीत. ह्यायनं उरलेले, मागून न लिवलेले गठ्ठे मले आपल्या हातानं देल्ले, कापून घे म्हणे. ते संपले तवा मी ह्यायच्या लोखंडी पेटीतले लिवलेलेही काढले. इचारलं नाही. पेन्सिलीचे आकडे पाहून वाटलं, तारायचे हिशेब असतीन जुने, आता कोणाले लागतात. त्यायनं पायलं होतं कापताना. पाहून आपल्या कामाले लागले.

मी खिळ्यावरून गड्डी काढली अन् अमितापुढं टाकली. पोरीचं तोंड पाहण्यासारखं झालं. पण रडली-बिडली नाही. चटई अंथरली अन् बसली जोडत. दोन दिवस आमच्या घरात बाह्या, गळे अन् पाठी पसरल्या होत्या. विजयमाला नावाच्या गिऱ्हाईकाच्या दोन बाह्या जोडल्या तं रायपूर निघे, तिच्या जावेचा पुढा अन् गळा जोडला तं अमरावती. एका जागी ती अडली. म्हणे, आजोबायनं इथं छत्तीस नंबरची तार लिवली हाय, पण ती तं भोपाळले चांगली होती. मी चष्मा लावून पायलं. म्हटलं, ते अक्षर माहं हाय माय. तार नाही, छाती हाय विजयमालाची. तवा पयल्यांदा आमचा बुढा कोपऱ्यात बसल्या बसल्या हासला.

तिसऱ्या दिवशी जबलपूर निघालं. निळ्या काठाचा कागद, अर्धाच. पुढा होता, पाठ नव्हती. अमिताचं सगळं घोडं इथंच अडून राहिलं होतं. पेपरात छापलं होतं एक, अन् मॅडमनं बहिणीले लिवलं होतं का शेवटची चीज बदलली, कारण मंग लिवीन. ते मंग कधी आलंच नाही. अमितानं ह्यायले सरळ इचारलं, आजोबा, जबलपूरले काय झालं होतं?

मी मशीनवर होती. मले वाटलं, आता सुरू होते. ह्यायनं माह्याकडे पायलं, मंग खाली पायलं.

"मले काही याद नाही," ते म्हणाले.

चव्वेचाळीस वर्षांचा संसार, त्या माणसाचं खोटं मले कळत नाही का? याद नाही म्हणे. दिवस, हॉल, तारेचा नंबर, सगळं याद होतं. अमितानं वहीत लिवून घेतलं, 'कारण माहीत नाही.' म्हणे पंधरा तारखेले यादी छापाले जाते, त्याआधी काही सापडलं तं सांगा. इतकी वर्षं माणूस खरं बोलला तं खोटा ठरला, अन् त्या दिवशी खोटं बोलला तं लिवून घेतलं गेलं. माह्या हातची बाही उलटी शिवली गेली.

कारण मले माहीत होतं ना, त्यायनं हे बोलणं काहून सोडलं. बावीस वर्षं झाली. पंचफुला माही जुनी गिऱ्हाईक, रामाकोना गावच्या नत्थूजीची बायको. पोराच्या लग्नाचा ब्लाऊज न्याले आली अन् तो अंगात बसेना. म्हणे, शिलाई आवळली. मी म्हटलं, शिलाई नाही आवळली, तू वाढली. पाच-सहा बाया बसल्या होत्या, हासल्या. पंचफुला चिडली. म्हणे, ह्या घरात सगळेच फेकतात, नवरा जबलपूरची फेकते, बायको मापाची. अन् मी, आपली लाज वाचवाले, भर बायांत म्हटलं, "फेकणं त्यायचं काम हाय, माहं नाही." हे दारात उभे होते. पंचफुला फर्मा मागून घेऊन गेली. पुढा घाईत खिळ्यावरच राहिला. अन् त्या दिवसापासून जबलपूर आमच्या घरात कोणी काढलं नाही. मले तं बरंच वाटलं होतं तवा, मशीन जोरात चालवाची गरज उरली नाही म्हणून.

त्या निळ्या काठाच्या पुढ्यावर पंचफुलाचंच नाव होतं, म्हंजे पाठ तिच्याकडे होती. पांढुर्णा-सावरगावची गोटमार, एकमेकायले दगड मारायची जत्रा, वर्षातून एक दिवस होते, आमची बावीस वर्षं बंद नव्हती. ती आता पोराकडे सावरगावले राहते. दुसऱ्या दिवशी मी कोणाले न सांगता बसमधे बसली, पांढुर्ण्याले उतरली, जाम नदीचा पूल ओलांडला अन् तिच्या दारात उभी झाली.

तिच्या सुनेनं, सोनालीनं, पाणी देल्लं. पंचफुला तूर निसत होती. तिनं वर पायलं, अन् पुन्हा तूर निसाले लागली. मीही बाजूले बसून पाव घंटा तूर निसली. शेवटी मी म्हटलं, तुहा फर्मा पायजे. तं म्हणे, काहून, बावीस वर्षांनं शिलाई उसवाची हाय का?

म्हटलं, आता लाजून काही उपयोग नाही.

"वामन खरं बोलत होते. मी त्यायले चार बायांत फेकू म्हटलं. ते खरं निघाले तं तुह्या त्या कागदातूनच निघतीन."

पंचफुलानं सूप बाजूले ठेवलं. मंग म्हणे, फेकू तं मी म्हटलं होतं, तू नुसतं हो म्हटलं. मी म्हटलं, परक्यानं म्हटलेलं माणूस झटकून टाकते. घरच्यानं हो म्हटलं का ते अंगाले लागते. ती उठली, पलंगाखालची पेटी ओढली अन् तळातून पेपरात गुंडाळलेला फर्मा काढला. म्हणे, ह्या मापात मी आता स्वप्नातही बसत नाही, पण टाकवला नाही. अन् खरं सांगू? तवा मी वाढलीच होती. मी म्हटलं, मीही बोटभर आवळली होती, कपडा कमी पडला म्हणून. दोघी हासलो. बावीस वर्षं बोटभर कपड्यापाई गेली, असे आमी दोघी शहाण्या.

कागद मात्र तिनं माह्या हाती देल्ला नाही. म्हणे, तू पुन्हा कापशील. सोबतच बसली बसमधे, फर्मा पदराखाली धरून.

अमिता चटईवरच होती, मीच सकाळी फोन करून, कारण न सांगता, थांबवलं होतं. तिनं पाठ घेतली, पुढ्याले जोडली. निळा काठ बरोबर मिळाला. मांगच्या बाजूले ह्यायची पेन्सिल होती, सगळ्या चिजांचे नंबर, तारायचे नंबर. अन् खाली शाईनं तीन ओळी, इंग्रजीत, मॅडमच्या हातच्या. गळ्याचा गोल मी जिथून कापला होता तिथं सही अर्धी कटली होती. ओळी तेवढ्या शाबूत होत्या. अमितानं एकदा मनात वाचलं, मंग मोठ्यानं मराठीत सांगतलं.

"शेवटचं बदललं. वामन म्हणतो, तार टिकणार नाही. वामनचं कधी चुकत नाही."

हे ओट्यावर एका पेटीचा भाता चिकटवत बसले होते. हातातला ब्रश थांबला नाही.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "मी तिथंच होतो."

बोलले ते अमितासंगं, पण लागलं मले. मी काय समजून गेली होती, का कागद हाती देईन अन् बुढा खूश होईन. त्यायले कागद कशाले पायजे? कागद मले लागत होता.

पंचफुला म्हणे, वामनदादा, तवा माहं तोंड चाललं. ते म्हणे, जाऊ दे बाई, ब्लाऊजच तसा झाला होता. अमितानं वहीतली जुनी ओळ खोडली अन् त्यायचं पूर्ण नाव इचारून लिवलं, आडनावासकट. मंग मोबाईल समोर धरून म्हणे, आजोबा, पयल्यापासून सांगा ना, मी आवाज भरून घेते. त्यायनं नाही म्हणून मान हलवली. म्हणे, यादीत आलं ना, झालं आता. अन् बोलता बोलता त्यायची नजर मशीनवर गेली. माह्यावर नाही, मशीनवर.

मी तवा मशीनवर जाऊन बसली होती, सवयीनं. पाय पायडलवर होता, सुईखाली कोणाची तरी बाही. मी पाय काढला. उठली, अन् ओट्यावर त्यायच्या समोर खाली बसली.

"मले सांगा," मी म्हटलं.

"तुले तं पन्नासदा सांगतलं."

"तुमी सांगतलं. मी एकदाही आयकलं नाही."

त्यायनं ब्रश डब्यात ठेवला, बोटाचा सरस चिंधीनं पुसला, एक एक बोट करून.

"जबलपूरले तवा लई थंडी होती," ते म्हणाले.