दगडूचा लांबोडका फुटबॉल

मी फुटबॉलच आहे. लांबोडका असलो म्हणून काय झालं? दुबईत जबल अलीच्या गोदामात खोक्यातून निघालो, तेव्हा माल मोजणारा वासुदेव हसला होता. "अरे, हा चेपलाय! परत पाठवा." परत जाणाऱ्या मालातून मला दगडूने सुपरवायझरकडून मागून घेतलं.

दगडू फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याने मोबाइलवर माझा अमेरिकन खेळ पाहिला आणि कामगारांच्या कॅम्पमध्ये टीम काढली. पाच-पाच जणांचा खेळ. कमरेची पट्टी ओढली की गडी थांबला. मला फेकणारा तो क्वार्टरबॅक. हे नाव ऐकून सगळी खोली खिदळली.

"क्वार्टर? मग हाफ कुठाय, दगडूशेठ?"

तेव्हापासून फेकणाऱ्याला सगळे 'क्वार्टर'च म्हणतात.

बाकीच्या कॅम्पच्या टीम क्वार्टर पैसे देऊन बाहेरून आणायच्या. सीझनचे पाच हजार दिरहम, म्हणजे लाखाच्या वर रुपये. वासुदेवलाही तसाच हवा होता. दगडू ऐकेना. "दगड मारून कैऱ्या पाडलेली पोरं आहेत आपल्याकडे. फेकायला विकतचा माणूस कशाला? त्यापेक्षा पकडणाऱ्यांना बूट घेऊ."

त्याने एकोणीस वर्षांच्या धाकट्या भावाला उभं केलं. नागेश. सातवीत शाळा सोडलेला, गोदामात माल उतरवणारा.

"दादा, माझ्याच्यान नाय होणार."

"फांदी बघतोस म्हणून नाय होत. कैरी बघ."

असं करत आम्ही फायनलला पोचलो. तिच्या अकरा दिवस आधी दगडू झोपेतच गेला. छत्तीस वर्षांचा. पेटी विमानाने गावी गेली. नागेशचा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकला होता, त्याला सोबत जाता आलं नाही.

दगडूचं सामान गावी पाठवायला खोक्यात भरलं. दोन शर्ट, बामची बाटली आणि मी. वासुदेवने चिकटपट्टी लावली. "नाग्या, तू आता नको खेळूस. वर्गणी काढून विकतचा आणू. फायनल दगडूसाठी जिंकायचीय."

नागेशने ती पट्टी टराटरा फाडली आणि मला उपसून काढलं. "दादासाठी? मग दादाचं ऐका ना! त्याने कोणाला विकत घ्यायला सांगितलं होतं? हा पण गेला तर माझ्याकडे काय राहतं इथं? मीच फेकणार. यल्ला, उठा!"

सगळे उठले. बूट चढवले.

फायनलमध्ये त्याने मला तीनदा मातीत घातलं. शेवटच्या फेकीला मी त्याच्या गालाशी होतो. तो पुटपुटला, "कैरी बघ." मग मी असा सुटलो की माझा मलाच वारा लागला. पलीकडे आमचा रफिक नवे बूट घालून धावत होता. त्याने मला छातीशी धरलं.

गुण मिळाले, तरी एका गुणाने हरलो.

समोरच्यांचा विकतचा क्वार्टर हात मिळवायला आला. "हबीबी, तू कितना लेता है?"

"मेरा रेट मेरे भाई को पूछ," नागेश म्हणाला.

वासुदेवने तोंड फिरवलं. बसमध्ये तो एवढंच बोलला, "रविवारी प्रॅक्टिस. क्वार्टर तूच."

आता माझी शिवण उसवलीय, एक बाजू घासून गुळगुळीत झालीय. काल कोणीतरी म्हणालं, याला दगडूच्या फोटोशेजारी ठेवू, हार घालू. खबरदार! मी दगडूची आठवण नाही, दगडूचा फुटबॉल आहे. माझी शिवण घाला, हवा भरा. रविवारी नागेश दोन नवी पोरं आणतोय, त्याच्यासारखीच फुकटातली. त्यांच्या हातात द्या मला. हरू, परत हरू. पण क्वार्टर विकत आणणार नाही.